सिरपूर तलावासाठी खरंच काम करणारा ग्रुप कोणता? आणि तिथे करायचं काय?

मीनल_सुदामानगर
नमस्कार मंडळी. इंदूरच्या धार रोडवरचा सिरपूर तलाव आमच्या घरापासून जवळच. मागच्या महिन्यात एका ग्रुपबरोबर तिथे सफाईला गेले होते, नाव घेत नाही. दोन तास काठचं गवत उपटलं, काड्या-प्लास्टिक सगळं पिशव्यांत भरलं, बॅनर धरून फोटो झाला आणि मंडळी निघाली, भरलेल्या पिशव्या बांधावर तशाच. संध्याकाळी परत गेले तर कुत्र्यांनी सगळं फाडून पसरलेलं. फार लागलं मनाला. माझी रविवारची सकाळ मोकळी असते, नऊ वर्षांचा मुलगाही येतो म्हणतोय. कोणाबरोबर जाऊ?

पाणकाठ
मीनलताई, पिशव्यांचं वाईटच झालं पण मला गवत उपटल्याचं जास्त लागलं. इंदूरचा 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर, मलाही अभिमान आहे त्याचा, पण त्यामुळे आपल्याला पाण्यातलं गवत, काठचा चिखल हासुद्धा कचराच वाटायला लागलाय आणि पक्ष्यांचं घर नेमकं तेच. टिबुकली बघितलीय का कधी? एवढासा पक्षी, पाणगवताचं तरंगतं घरटं करते आणि घरटं सोडताना चोचीने ओलं गवत ओढून अंडी झाकून ठेवते. बघणाऱ्याला वाटतं सडका पाला तरंगतोय. आपण तो उचलून काठावर टाकला की संपलं. कमळपक्षीही पावसाळ्यात तरंगत्या पानांवरच अंडी घालतात, आणि उबवतो नर. त्या दिवसांत प्लास्टिक उचला, काच उचला, पण हिरव्याला हात लावू नका.

राजवाडा_काका
जुना इंदूरकर म्हणून सांगतो. होळकरांच्या राज्यात बांधलेला हा तलाव आज पक्ष्यांचा आहे तो भालू मोंढे आणि त्यांच्या 'द नेचर व्हॉलंटिअर्स' या संस्थेमुळे. मोंढे म्हणजे आपले चित्रकार-छायाचित्रकार, 2016 ला पद्मश्री मिळाली. अतिक्रमण, झाडतोड, चोरून मासेमारी, यांच्या मागे ही मंडळी वर्षानुवर्षं लागली, तेव्हा कुठे 2022 ला सिरपूर आणि इंदूरजवळचा यशवंत सागर हे दोन्ही तलाव रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आले. 2025 ला तर इंदूर आणि उदयपूर ही रामसरची मान्यता मिळालेली देशातली पहिली दोन पाणथळ शहरं ठरली. हे एका रविवारच्या सफाईने होत नाही बाई, अर्ज करत बसावं लागतं, परत परत जावं लागतं. आधी त्यांच्याकडेच चौकशी कर.

निखिल_महू
पाणकाठ, एक सोडून बाकी सगळं पटलं. जलकुंभी, म्हणजे पाण्यावर तरंगणारी जलपर्णी, काढलीच पाहिजे. ती पसरली की खाली उजेड पोचत नाही, पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात. पण ती फोफावते सांडपाण्यावर, त्यामुळे नाला तलावात येतोय तोवर काढत राहिलात तरी परत येणारच. नाला कुठून येतोय ते बघून तारखेसकट फोटो घेऊन तक्रार करणं हेही कामच आहे.

पाणकाठ
हो निखिल, जलकुंभीचं बरोबर, माझं सांगायचं राहिलं. फक्त काढण्याआधी घरटी आहेत का ते कोणीतरी बघायला हवं.
मीनलताई, तुमच्यासाठी सगळ्यात चांगलं काम मोजणीचं. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, 1987 पासून चालू आहे. किती पक्षी आले, कुठले कमी झाले हे आकडे हातात असले की ऑफिसात आपलं म्हणणं ऐकलं जातं, नुसतं "पक्षी खूप आहेत" म्हणून कोणी हलत नाही. मुलाला वारकरीपासून सुरुवात करून द्या. काळा पक्षी, कपाळावर पांढरा ठिपका, गंध लावल्यासारखा. थव्याने असतात, म्हणून आधी दहाचा एक गठ्ठा नजरेत बसवायचा आणि तसे गठ्ठे मोजत जायचं. मग हळदी-कुंकू बदक, चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके, एकदा दाखवलं की पोरं विसरत नाहीत.

मीनल_सुदामानगर
अंडी झाकतात हे माहीतच नव्हतं. आम्ही त्या दिवशी पाण्यातलं गवतही ओढलं होतं, ते आठवून कसंतरीच झालं. संस्थेकडे चौकशी करते. या रविवारी सहाला आम्ही दोघं आलो तर चालेल का? दुर्बीण नाहीये आमच्याकडे.

पाणकाठ
चालेल, माझ्याकडे दोन आहेत. बांधावरच भेटू. त्याला भडक रंगाचा शर्ट नको, आणि पाव-बिव काही आणू नका बदकांना घालायला.