रोस्तम बात्मांगलीज यांनी व्हॅम्पायर वीकेंड का सोडला असावा?

प्रश्न:
कोलंबिया विद्यापीठातील चार विद्यार्थ्यांनी २००६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या व्हॅम्पायर वीकेंड या बँडची ओळख प्रामुख्याने गायक एझ्रा कोनिग यांच्या आवाजाशी जोडली जाते. गिटार, की-बोर्ड आणि वाद्यसंयोजन सांभाळणारे रोस्तम मात्र जानेवारी २०१६ मध्ये, लागोपाठ दोन अल्बम बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचल्यानंतर, बाहेर पडले. अनेक वाद्ये वाजवणाऱ्याच्या वाट्याला बँडमध्ये दुय्यम स्थान येते, हे त्यामागचे कारण मानावे काय?

उत्तर १:
मला हे कारण पटत नाही, कारण रोस्तम यांचे स्थान दुय्यम कधीच नव्हते. २००८ चा पहिला अल्बम आणि २०१० चा दुसरा, या दोन्हींचे निर्माते, म्हणजे रेकॉर्डिंगची घडण ठरवणारे, तेच होते आणि २०१३ च्या तिसऱ्या अल्बमची निर्मिती त्यांनी एरियल रेखशाइड यांच्यासोबत केली. पहिला अल्बम पुन्हा लक्षपूर्वक ऐकावा. गिटारच्या स्वच्छ, टोकदार सुरांमागे हार्पसिकॉर्ड (पियानोसारखे जुने युरोपीय वाद्य) आणि व्हायोलिन-चेलोचे जे थर येतात, ते केवळ सजावटीसाठी नसून गाण्याचा डोलाराच त्यांच्यावर उभा आहे, आणि अशी रचना सुचण्यासाठी प्रत्येक वाद्यावर प्रभुत्व असण्यापेक्षा कोणत्या वाद्याने कुठे बोलावे आणि कुठे गप्प राहावे याची जाण अधिक लागते. रोस्तम यांनी संगीताचे रीतसर शिक्षण घेतले होते, त्याचा येथे उपयोग झाला असे मला वाटते.

उत्तर २:
सहमत आहे, तरीही एक अडचण उरतेच. रेकॉर्डिंगमध्ये एकच व्यक्ती पाच वाद्यांचे थर रचू शकते, परंतु रंगमंचावर तिला एका वेळी एकच भाग वाजवता येतो, आणि प्रेक्षकांना तेवढाच दिसतो. आर्केड फायर या बँडच्या रेजीन शसान्य याला अपवाद ठरतात, कारण अ‍ॅकॉर्डियन, ड्रम्स आणि की-बोर्ड यांच्यामध्ये त्यांची होणारी ये-जा हाच त्या बँडच्या कार्यक्रमांचा एक भाग असतो. शिवाय त्या स्वतः गातातही.

उत्तर ३:
बँड सोडताना रोस्तम यांनी स्वतःच सांगितले होते की गीतकार आणि निर्माता म्हणून आपली ओळख स्वतंत्रपणे उभी राहायला हवी. पुढचा प्रवास त्याला धरूनच आहे: २०१६ मध्ये गायक हॅमिल्टन लीटहाउजर यांच्यासोबतचा अल्बम, २०१७ मध्ये स्वतःचा पहिला एकल अल्बम, २०१९ मध्ये गायिका क्लेरोच्या पहिल्या अल्बमची निर्मिती आणि २०२० मध्ये हाइम भगिनींच्या बँडच्या तिसऱ्या अल्बमची सहनिर्मिती. यांपैकी क्लेरोचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण तिथे त्यांनी वाद्यांची गर्दी टाळून तिच्या हळुवार आवाजाला भरपूर मोकळी जागा ठेवली आहे. जुन्या सहकाऱ्यांशीही त्यांचे नाते तुटले नाही. व्हॅम्पायर वीकेंडच्या २०१९ च्या अल्बममध्येही त्यांचा सहभाग आहे.