सुभेदार काकांची शिट्टी

सेक्रेटरी (ए-२०१): नमस्कार मंडळी. सुभेदार काकांचं तेरावं काल झालं. रविवारी संध्याकाळी ६ वाजता पार्किंगमध्ये श्रद्धांजलीची बैठक ठेवावी असं कमिटीत बोलणं झालंय. फोटोला हार, दोन मिनिटं स्तब्धता, मग ज्यांना बोलायचंय त्यांनी बोलावं. काही सूचना असतील तर कळवा.

सी-१०४ वहिनी: दादा, हाराला ना नाही. पण काका असताना त्या पार्किंगमध्ये दोन मिनिटं कुणी गप्प बसलेलं मला आठवत नाही. कोजागिरीला दूध आटेपर्यंत म्हाताऱ्यांची संगीत खुर्ची कुणी लावली? गणपतीत आरतीला उशीर करणाऱ्याला उखाणा घ्यायला कुणी लावलं? बाप्याला सुद्धा! तिथं मान खाली घालून उभं राहायचं माझ्याच्यानं होणार नाही.

ए-३०२ नाना: वहिनींशी सहमत. पण काकूंना काय वाटतं ते आधी विचारा.

बी-३०१ (काकूंची नात): आजी शेजारीच बसलीय. ती सांगतीय, मी टाइप करतीय. तिच्याच शब्दांत देते.

"आमचं लग्न १९७४ च्या मे महिन्यातलं. ह्यांना रजा मिळाली दहा दिवस, त्यातले चार प्रवासात गेले. सकाळी हळद, दुपारी अक्षता, आणि वरात निघायची तवा वळीव आला. असा पाऊस की हलगीचं कातडं भिजून ढिलं पडलं. वाजंच नाही तर वरात कसली? तिसऱ्या दिवशी हे पलटणीत निघाले. ट्रंक उचलताना म्हणाले, वरात उधार राहिली बघ.

मग पत्रं. पत्ता ५६ एपीओ, लष्कराच्या टपालाचा, म्हणजे माणूस नक्की कुठं आहे ते कळायचं नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. आणि पत्र यायचं सासऱ्यांच्या हातात, ते सगळ्या घरापुढं मोठ्यानं वाचायचे. त्यात नवरा बायकोला काय लिहिणार? तर हे खालच्या कोपऱ्यात एक तोंड काढायचे, मिशीवालं. सासरे म्हणायचे, पोराला चित्रांचा नाद लागलाय. पण मला पहिल्या रजेतच सांगून ठेवलेलं होतं. मिशी दर पत्राला थोडी लांब होणार, आणि कानाला लागली की पुढच्या महिन्यात रजा. मी कोपरा आधी बघायची. एकदा मिशी कानाला लागली आणि त्याच्या पुढच्या पत्रात एकदम आखूड. रजा रद्द झाली होती. मी चुलीपुढं बसून रडले. सासूबाई म्हणाल्या, धूर लागला असंल.

ती पत्रं काळ्या ट्रंकेत आहेत सगळी. ह्यांचं नाव, नंबर आणि पलटण पांढऱ्या रंगात लिहिलेली ती ट्रंक. काल उघडली होती. रविवारचं तुम्ही ठरवा, पण रडारड करू नका. त्यांना आवडायचं नाही."

सी-१०४ वहिनी: 🙏 काकू, मी आत्ताच रडले, माफ करा.

ए-३०२ नाना: म्हणजे २०२४ ला लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला वरात काढली ती ह्या उधारीची! आम्हाला वाटलं काकांची हौस. गावाकडून चार हलगीवाले आणले होते. काका ब्लेझरवर मेडलं लावून, काकू हिरव्या नऊवारीत. गेटपासून बी विंग शंभर पावलं नसेल, दीड तास लागला. मध्येच काकांनी हलगी थांबवून आभाळाकडं बोट केलं होतं आणि म्हणाले होते, "आज पडून दाखव." तेव्हा त्याचा अर्थच लागला नव्हता हो.

बी-३०१ (नात): आजी हसतीय. बऱ्याच दिवसांनी.

डी-१०२ हवालदार (निवृत्त): मी पण मराठा लाइट इन्फंट्रीचाच, पण काकांच्या फार मागचा. काका १ मराठाचे, म्हणजे पहिल्या बटालियनचे, जंगी पलटण म्हणतात तिला. आपल्या पोरांना माहीत असावं म्हणून लिहितो. डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेशच्या युद्धात, त्यांची पलटण तिकडं ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली होती. ९ तारखेला आपल्या ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी समोरच्या पाकिस्तानी कमांडरला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. उत्तराच्या कागदात गुंडाळून बंदुकीची गोळी आली. १० च्या रात्री ती फौज बाहेर पडायला निघाली आणि थेट ह्यांच्या मोर्चांवर आली. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं. काका तेव्हा वीस वर्षांचे.

त्या रात्रीचं काका कधी काही बोलले नाहीत. गोळी आली इथपर्यंत सांगायचे आणि मग गोष्टीत एकदम टांगाईलजवळच्या पुंगली गावच्या पुलावर उडी. तिथं पॅराशूटनं उतरलेली २ पॅरा पलटण होती, म्हणजे पूर्वीची ३ मराठा. दोन्हीकडं आपलीच पोरं. परमुलखात मराठी शिवी कानावर आली आणि जीव भांड्यात पडला, हे सांगताना काका उभं राहून दोन्हीकडचे आवाज काढायचे. मी पन्नासदा ऐकलं असेल. अजून ऐकलं असतं.

काकू, कागदांची काळजी करू नका. मृत्यूचा दाखला, पीपीओ (पेन्शनचा आदेश), आधार आणि बँकेचं पासबुक एका पिशवीत ठेवा. सोमवारी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मी घेऊन जातो. फॅमिली पेन्शनचं स्पर्शवर, म्हणजे पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर करायचं, ते मी बघतो. ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे उपचार तुम्हाला चालूच राहतात. कॅन्टीन कार्ड तेवढं तुमच्या नावावर करून घेऊ.

बी-३०१ (नात): आजी म्हणतीय, देव तुमचं भलं करो.

ए-४०३ (अकरावी): मी लहान आहे, पण बोलू का? शाळेच्या सुट्टीत काका आम्हा मुलांना पहाटे साडेपाचला शिट्टी वाजवून उठवायचे आणि साताऱ्याच्या चार भिंतीच्या टेकडीवर न्यायचे. उशिरा येणाऱ्याला शिक्षा म्हणजे वर चढताना पूर्णवेळ लावणी म्हणायची. वर पोचलं की मात्र काका टोपी काढून १८५७ च्या स्मारकापुढं एक मिनिट उभे राहायचे. ओठ हलायचे. आम्ही एकदा विचारलं, मंत्र म्हणता का? तर म्हणाले, "हजेरी घेतो." मग परत शिट्टी, आणि धावत खाली.

डी-१०२ हवालदार (निवृत्त): ...

सेक्रेटरी (ए-२०१): पार्किंगची बैठक रद्द करतो. रविवारी पहाटे साडेपाचला गेटवर जमू. चार भिंतीवर एक मिनिट, काका उभे राहायचे तसं. मग शिट्टी. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी पायथ्यापर्यंत दोन गाड्या सांगतो. काकू, चालेल का?

सी-१०४ वहिनी: शिट्टी कुठाय पण?

बी-३०१ (नात): ट्रंकेतच आहे, पत्रांवर ठेवलेली. आजी म्हणतीय, ए-४०३ च्या पोरानं वाजवावी, त्याचा दम चांगला आहे. आणि ती स्वतः येणार, गाडीत नाही, चालत. खाली आल्यावर चहा आमच्याकडं. वहिनी, तुम्ही फक्त आलं किसून आणा. साखर कमी घालायची नाही, आजोबांना फिका चहा चालायचा नाही.