'चेन ट्रान्सफर एजंट'ला मराठीत काय म्हणावं?

तळटीप: कृत्रिम रबरावरच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. एसबीआरच्या (स्टायरीन-ब्युटाडाइन रबराच्या) प्रकरणात रेणुभार, म्हणजे साखळ्यांची लांबी, कसा आवरतात ते सांगताना 'चेन ट्रान्सफर एजंट' येतो. मी 'शृंखला-हस्तांतरण कारक' लिहिलं. तपासणाऱ्यांचा शेरा: "साखळी कुणाच्या हाती दिलीत?" खोचक आहे, पण रास्त वाटतंय. वाचक प्लांटवरचे, बारावी सायन्स झालेले. सुचवा.

जुना_मिलवाला: हा शब्द प्लांटवर कुणाच्या तोंडी ऐकला नाही. आम्ही 'मॉडिफायर' म्हणायचो, नाहीतर सरळ 'मरकॅप्टन' (गंधकाचं संयुग). "मूनी (कच्च्या रबराचा घट्टपणा) वर चाललाय, मॉडिफायर बघा," बस्स. टर्शरी डोडेसिल मरकॅप्टन कमी पडलं की साखळ्या लांबतात, त्यांना फाटे फुटतात, एकमेकींत अडकतात, जेल होतं. मग ते रबर मिलवर (मळायच्या रुळांवर) घेणाऱ्याचे हाल. जास्त पडलं तर मूनी खाली. मॉडिफायर लिहा आणि मोकळ्या व्हा.

समासप्रेमी: म्हणजे भाषांतर करायचंच नाही! 'उत्प्रेरक'ही एकेकाळी नवाच होता, रुळला ना? 'शृंखला-संक्रमण कारक' घ्या.

तळटीप: संक्रमण म्हटलं की लोकांना आधी ताप आठवेल.

मुक्तमूलक: मुळात जागा कोण बदलतं ते बघा. वाढत्या साखळीच्या टोकाला मूलक (फ्री रॅडिकल, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन) असतो. ते टोक मरकॅप्टनच्या गंधकावरचा हायड्रोजन ओढून घेतं आणि ती साखळी संपते. मूलक आता गंधकावर, आणि तिथून ब्युटाडाइन किंवा स्टायरीनला धरून नवी साखळी सुरू. साखळी जागच्या जागीच असते हो! हा चक्क खो आहे. देणारा बसतो, घेणारा उठून पळतो, पाठलाग करणारा मात्र एका वेळी एकच. म्हणूनच अभिक्रियेचा वेग फारसा पडत नाही, फक्त साखळ्या जास्त आणि आखूड होतात. माझं मत 'खोदाता'ला.

समासप्रेमी: खोदाता? विहीर खोदताय का? शिवाय 'कामात खो घालणे' म्हणजे अडथळा आणणे. वाचक नेमकं उलटं समजेल.

मुक्तमूलक: देणं वेगळं, घालणं वेगळं. साठवलेलं स्टायरीन आपोआप जुळू नये म्हणून टीबीसी हा रोधक टाकतात ना, तो खो *घालतो*.

ओसरी: 'खो घालणे' खेळातून आलंच नसेल. आमची आजी 'खोडा घालणे' म्हणायची. 'खो' हे त्याचंच झिजलेलं रूप, मला तरी खात्री आहे.

जुना_मिलवाला: आणि बॅच थांबवायला शॉर्टस्टॉप असतो, कोल्ड रबरात (थंड तापमानाला केलेल्या एसबीआरमध्ये) साधारण 60 टक्के रूपांतरावर. त्याची मॉडिफायरशी गल्लत करू नका. जर्मनांनी सुरुवातीचं बुना-एस (त्यांचं एसबीआर) फार लांब साखळ्यांचं केलं, मग ते गरम हवेत मऊ करत बसावं लागे. हे माहीत असलं की मॉडिफायर कशाला हवा ते आपोआप कळतं.

कणाद_नव्हे: पण मॉडिफायर म्हणजे चेन ट्रान्सफरच असं नाही. निओप्रीन रबराच्या 'जी' जातीत गंधक साखळीतच गुंफतात आणि नंतर थायुरम या रसायनाने ती तोडतात. शेवटी साखळी आखूडच, पण ट्रान्सफर नव्हे. उलट ईपीडीएम या दुसऱ्या रबरात मूलकच नाही, तिथे हेच काम हायड्रोजन करतो. खोची उपमा मूलकापुरती बरी. 'लांबी-नियामक' म्हणा, सगळे आत येतील.

मुक्तमूलक: सगळेच आत आले तर शब्दाचा उपयोग काय? इनिशिएटर (साखळी सुरू करणारा) वाढवला तरी लांबी घटते, तोही नियामक का?

समासप्रेमी: 'मरकॅप्टन'चं काय करणार? लॅटिनमध्ये 'पारा पकडणारा'. मराठीत सुरेख 'पारदग्राही' होईल.

जुना_मिलवाला: अहो, अधिकृत नाव 'थायॉल' होऊनही प्लांटवर मरकॅप्टन हललं नाही. तुमचा पारदग्राही ड्रमवर चिकटवायला कोण येणार? वासावरून ओळखतात तो.

तळटीप: मंडळी, माझं पान? आत्ता तरी 'साखळी-बदल कारक (मॉडिफायर)' लिहितेय.

ओसरी: 'बदल' कसा, साखळी कुठे बदलते? बरं, ते असू दे. खोडा म्हणजे कैद्याच्या पायात अडकवायचा लाकडी ठोकळा, नाही का? मग 'खो'शी त्याचा संबंध नाही, असं कशावरून म्हणता?

मुक्तमूलक: मी कुठे म्हटलं?