मदत हवी आहे: भट्टीवरची मैत्रीण कुठल्या रकान्यात लिहू?

नमस्कार मंडळी. रायगड जिल्ह्यात चौथीला शिकवते. पटावर २८ मुलं, त्यातली ६ कातकरी वाडीवरची. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. मग वर्गात असून नसल्यासारखी.

मोरेनोच्या समाजमितीच्या (गटात कोण कुणाला निवडतं ते मांडायच्या) पद्धतीने एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, "खिचडी खायला कुणाशेजारी बसशील? तीन नावं सांग." कातकरी मुलांनी आपापसातलीच नावं घेतली. बाकीच्या २२ जणांपैकी एकानेच त्यांच्यातल्या एकाचं नाव घेतलं, तेही "तो गलोल भारी मारतो" म्हणून. एक मुलगी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "माझी मैत्रीण भट्टीवर असते." माझ्या तक्त्यात तिच्यापुढे शून्य!

बाक बदलून पाहिले, दोन दिवसांत जैसे थे. मुलांच्या भावना-वागणुकीबद्दलची गुडमन यांची २५ विधानांची प्रश्नावली (SDQ) शिक्षक म्हणून मी भरली, पण ते माझं मत झालं. मुलांनी स्वतः भरायची ती ११ वर्षांपासून पुढे, माझी नऊ-दहाची; शिवाय दोघांना धड वाचता येत नाही, घरी कातकरीच बोलतात.

शाळेत समुपदेशक नाही. कुणाचं नाव वर्गासमोर यायला नको. वाडीवर मात्र माझं जाणंयेणं आहे, आया बोलतात.

वाडीवरची आणि भट्टीवरची मैत्रीही मोजायची, तर प्रश्न कोणत्या शब्दांत विचारू? आणि शाळेत एकटं वाटतं का, हे लिहायला न लावता, चित्रांतून किंवा खेळातून कुणी काढून घेतलंय का? कसं?