फिरतीची नोकरी आणि तब्येत : आपापले अनुभव सांगा

कृष्णाकाठ
परवा तपासणीसाठी दवाखान्यात गेलो होतो. रात्री साडेनऊ वाजता एक तरुण वैद्यकीय प्रतिनिधी, म्हणजे डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणारा कंपनीचा माणूस, जड बॅग दोन पायांमध्ये ठेवून शेवटचा पेशंट बाहेर येण्याची वाट पाहत उभा होता. जेवण झाले का, असे विचारल्यावर त्याने नुसती मान हलवली, आणि मी स्वतः याच नोकरीत होतो तेव्हाची माझी सांगली हेडक्वार्टरची वर्षे आठवली. जत, आटपाडी, विटा असा माझा टूर प्रोग्राम असे. आउटस्टेशनच्या मुक्कामात शेवटचा कॉल, म्हणजे डॉक्टरांची भेट, संपेपर्यंत दहा वाजत आणि तेव्हा गावात अंडाभुर्जीच्या गाडीशिवाय काहीही उघडे नसे. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला पहिल्याच दौऱ्यात सांगितले होते की संध्याकाळचे दवाखाने सुरू होण्याआधी जेवून घ्यायचे. मी ते शेवटपर्यंत पाळले. खानावळीच्या मावशींना दुपारीच निरोप देऊन ठेवायचा, साडेसहाला ज्वारीची भाकरी आणि पिठले किंवा पालेभाजी खायची आणि रात्री लॉजवर परतल्यावर फक्त कपभर दूध घ्यायचे, असा क्रम होता. पित्त आणि वाढलेली साखर या गोष्टी आमच्या व्यवसायात जणू पगाराबरोबरच मिळतात असे मानले जाते, ते मला मान्य नाही. आपण सर्वांनी फिरतीत काय सांभाळले आणि कसे सांभाळले, ते कृपया लिहावे.

वऱ्हाडवाट
मी बियाण्यांच्या कंपनीत आहे आणि अकोला-वाशिम पट्ट्यात दुचाकीवर फिरतो. आमच्याकडे जेवणाआधी प्रश्न येतो तो उन्हाचा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, म्हणून मी शेतावरच्या भेटी पहाटे सहापासून घेतो आणि दुपारी बारा ते चार कृषी केंद्राच्या सावलीत बसून कागदपत्रे उरकतो. क्षारसंजीवनीचा (ओआरएसचा) मोठा पुडा पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचा असतो, हे येथे आवर्जून सांगतो, कारण आमची तरुण मुले तो अख्खा पुडा एका पेल्यात ढवळून पितात आणि त्यामुळे क्षारांचे प्रमाण नको तितके वाढते. पुडा नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते. चमचा मात्र चहाचा घ्यावा. एरवी ताक आणि कैरीचे पन्हे आहेच. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी मिठाबाबत डॉक्टरांना विचारून घ्यावे.

जमाखर्च
वऱ्हाडवाट दादा, पाणी प्या हे सगळेच सांगतात, पण आम्हा बायकांना ते पिण्याआधी पुढचे स्वच्छतागृह किती लांब आहे याचा विचार करावा लागतो. मी बँकेच्या शाखांच्या तपासणीसाठी रत्नागिरी, गुहागर, दापोली या बाजूला फिरते. माझ्याबरोबरच्या जवळजवळ प्रत्येक सहकारी स्त्रीला कधी ना कधी मूत्रमार्गाच्या संसर्गाचा त्रास झालेला आहे, आणि त्याचे एक कारण हे, की सकाळी घरातून निघाल्यापासून शाखेत पोचेपर्यंत कोणी घोटभरही पाणी पीत नाही. मी आता प्रत्येक मार्गावरची वापरण्याजोगी ठिकाणे वहीत लिहून ठेवली आहेत. त्यात पेट्रोल पंप आहेत, ग्रामीण रुग्णालय आहे आणि काही ओळखीची घरेसुद्धा आहेत. ही वही नव्याने रुजू होणाऱ्या मुलींना मी देते. व्यायामाचे बोलायचे तर अनोळखी गावात अंधार पडल्यावर एकटीने फिरायला जाणे मला सुरक्षित वाटत नाही, त्यामुळे जे काही करायचे ते खोलीतच करावे लागते.

माणदेशी
ताई, खोलीतल्या व्यायामासाठी सूर्यनमस्कारासारखे दुसरे काही नाही. मी औंधच्या शेजारचा आहे, म्हणून हे थोड्या अभिमानाने लिहितो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले आणि स्वतः त्यांचा आयुष्यभर प्रसार केला. सतरंजीएवढी जागा लागते, साधन कोणतेही लागत नाही, आणि दंड, पोटऱ्या, पाठ या सगळ्यांना काम मिळते. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज सकाळी बावीस मिनिटे दिली की त्यातला पहिला भाग लॉजच्या खोलीतही पूर्ण होतो. गुडघेदुखी असेल तर मात्र आधी एखाद्या जाणकाराकडून शिकून घ्यावे.

दशमीवाली
मी स्वतः फिरत नाही, पण माझे यजमान महिन्यातून बरेच दिवस बाहेर असतात आणि त्यांचा डबा मी भरते, म्हणून लिहिण्याचे धाडस करते. पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या, तिळाची किंवा जवसाची कोरडी चटणी, आणि नंतरच्या दिवसांसाठी राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले फुटाणे आणि मेतकूट असे देते. मेतकुटाला गरम भाताशिवाय काही लागत नाही आणि भात कुठल्याही खानावळीत मिळतो.

वऱ्हाडवाट
दशमी किती दिवस टिकते? आमच्या उन्हात चालेल का?

दशमीवाली
पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवायचे, दशमी दोन्ही बाजूंनी खरपूस भाजायची आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायची नाही, कारण वाफ धरली की ती लगेच खराब होते. थंडीत दोन-तीन दिवस राहते. तुमच्याकडच्या मे महिन्यात मात्र त्याच दिवशी संपवावी हे बरे.

वस्तीची गाडी
एसटीत वाहक आहे. वस्तीच्या गाडीवर रात्री आठला गाव गाठायचे आणि पहाटे पहिली फेरी काढायची, असे आमचे दिवस असतात. दिवसभर उभे राहून पायांच्या शिरा फुगतात, म्हणून मी पोटरीपर्यंतचे दाबमोजे डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरतो आणि झोपताना पायांखाली घडी घातलेले अंथरूण ठेवतो. माझ्या चालक मित्राला इन्सुलिन घ्यावे लागते. न उघडलेली बाटली शीतकपाटात २ ते ८ अंशांत ठेवायची असते आणि वापरात असलेली बाटली बेताच्या तापमानात साधारण चार आठवडे चालते, पण मराठवाड्यातला उन्हाळा बेताचा नसतो. त्यामुळे तो बाटली प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून ती डबी पाणी शिंपडलेल्या मातीच्या छोट्या मडक्यात ठेवतो. बर्फाला लावून ठेवल्यास इन्सुलिन गोठून निकामी होते आणि काचेमागे उन्हात ठेवले तर उष्णतेने निकामी होते, हे फिरतीवरच्या प्रत्येक मधुमेही माणसाला माहीत असायला हवे.

जमाखर्च
मडक्याची युक्ती फार उपयोगाची आहे, माझ्या वडिलांना आजच कळवते. चालक दादांना माझ्या शुभेच्छा सांगा.

दूरदेशी
मी पुण्याहून कामानिमित्त वारंवार जर्मनीला जातो. चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधल्या अहवालात नमूद आहे, आणि हे केवळ विमानाला नव्हे तर बस, रेल्वे आणि मोटारीलाही लागू आहे. निरोगी माणसाच्या बाबतीत मूळ धोकाच कमी असतो, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. परंतु नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि ज्यांना आधी गुठळी झालेली आहे त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे. मी मधल्या वाटेलगतची जागा घेतो, दर तासाला उठून चालतो आणि बसल्या जागी टाचा वर-खाली करत राहतो. प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा गरम लागली, तर ती थकव्याने दुखते आहे असे समजून तेल चोळत बसू नये, त्याच दिवशी दाखवावे.

कृष्णाकाठ
सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले याबद्दल आभारी आहे. जमाखर्च ताई, आपल्या वहीतली ठिकाणे मार्गानुसार येथे लिहिता आली तर कोकणात फिरणाऱ्या इतर भगिनींनाही उपयोग होईल.

जमाखर्च
ओळखीची घरे वगळून चिपळूण ते गुहागर या मार्गाची यादी रविवारी लिहिते.