रूळ तापले म्हणून गाडी स्लो, कवच लागलं की हे थांबेल का?

अजनीकर: काल बल्लारशाकडे जाताना गाडी मधेच रेंगाळली, टीसी म्हणे रूळ तापलेत. ते टक्कर टाळणारं कवच यंत्र बसवलं की हा ताप जाईल का?

गिट्टीवाला: नाही ना भाऊ, कवच वेगळं. लोको पायलटनं लाल सिग्नल ओलांडला तर ते आपोआप ब्रेक मारते, उन्हाशी त्याचं काही देणंघेणं नाही. आपल्याकडे हवा ४५ अंश तर रूळ ६० च्या आसपास जातो अन् वेल्डिंगच्या अखंड रुळाला पसरायला जागाच नसते, रुळाखालची गिट्टी (खडी) कमी असली तर चक्क बाजूला वाकतो, त्यासाठीच गाडी हळू. म्हणून डीस्ट्रेसिंग करतात, म्हणजे रूळ धरून ठेवणाऱ्या क्लिपा सोडून ताण काढायचा. भर दुपारी गँगमन पायी रूळ तपासत फिरतात, त्यांना सावली द्या आधी.

इतवारी_बॉय: अन् पावसाळ्यात ती गिट्टीच वाहून जाते, त्याचं काय?

गिट्टीवाला: हाव, रुळाखालून पाणी जायच्या मोऱ्या मोठ्या कराव्या लागतात. पण मोरीच्या उद्घाटनाची फीत कोण कापणार बे!