मदत हवी आहे : नवीन ट्रॅप टाकला तरी कपडा ओलाच निघतोय

वाफवाला_इचल : मंडळी लवकर सांगा, उद्या माल द्यायचाय. गेल्या आठवड्यात मशीनचा स्टीम ट्रॅप (पाणी सोडून वाफ अडवतो तो) बदलला तेव्हापासून कपडा ओला निघतोय. बॉयलरला प्रेशर फुल्ल आहे. बॉयलरचा फायरमन म्हणतो ट्रॅपला वळसा घालणारा बायपास उघडा, उघडला की सुकतो पण जळणाचा ढीग बघता बघता उतरतो. जुनाच परत लावू का?

चिमणीखाली : मशीन कुठलं? जिगर, स्टेंटर की ड्रायिंग रेंज? काढला कुठला, घातला कुठला? आणि बॉयलरचं नको, मशीनच्या तोंडाशी प्रेशर किती ते सांगा.

सूत७७ : प्रेशर एक किलोनं वाढवा, आम्ही नेहमी तेच करतो.

शिफ्ट_तिसरी : असं सांगू नका हो कुणाला. कपडा सुकवणारे सिलेंडर बॉयलरच्या प्रेशरसाठी बनवलेले नसतात, पत्रा उचकटला तर समोर माणसं उभी असतात. आणि सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावायचा विचारही नको. 1 मे 2025 पासून 1923 च्या जागी नवा बॉयलर कायदा आला, त्यातही तो फौजदारी गुन्हाच ठेवलाय.

सूत७७ : सेफ्टी व्हॉल्व्हचं मी बोललोच नाही. पीआरव्ही (प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह) फिरवा म्हटलं.

मृदूपाणी : बॉयलरच्या फीडच्या पाण्याची हार्डनेस बघितली का? आमच्या पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचं मीठ संपलं होतं आणि ट्यूबांवर नखाएवढी खपली धरली होती.

वाफवाला_इचल : पाणी बरोबर आहे दादा. घाईत राहिलं, ड्रायिंग रेंज आहे, दहा सिलेंडरला मिळून एक ट्रॅप. आधी बॉल फ्लोट (आत तरंगता गोळा असलेला) होता, तो वाफ सोडायला लागला. दुकानदारानं थर्मोडायनॅमिक दिला, स्वस्त आणि मुठीत मावतो. पीआरव्हीनंतर अडीच किलो. कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) वर फीड टाकीत जातं, साधारण 6 मीटर.

चिमणीखाली : मग तिथंच सगळं आहे. सिलेंडरमधलं पाणी सायफन पाइपमधून वर उचललं जातं आणि त्या पाइपभोवती सगळी गरम वाफ. पाइपात वाफ अडकली की ट्रॅपला वाटतं वाफच आली, तो बंद होतो, पाणी आत तसंच. थर्मोडायनॅमिकमध्ये तर नुसती डिस्क असते, वाफ खालून जोरात गेली की बसते आणि वरच्या पोकळीतली वाफ निवेपर्यंत उठत नाही. मेन लाइनवर तो उत्तम, इथं नाही. इथं स्टीम लॉक रिलीजवाला (अडकलेली वाफ सोडणारी सुई असलेला) बॉल फ्लोट लागतो, आणि दर सिलेंडरला वेगळा. एका ट्रॅपवर दहा टाकले की जिथं प्रेशर जरा जास्त तो बाकीच्यांचं पाणी अडवतो. वर 6 मीटर चढ म्हणजे अडीच किलो प्रेशरमधले सहाशे ग्रॅम तिथंच गेले.

सूत७७ : दहा ट्रॅपचा खर्च कोण करणार? आमची रेंज वीस वर्षं एकावर चालली.

चिमणीखाली : बायपास उघडा ठेवूनच चालली असणार. ते पैसे चिमणीतून गेले, दिसले नाहीत एवढंच.

नवा_फायरमन : सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटच्या फॉर्मला अनुभवाचा दाखला कुणाच्या सहीचा लागतो?

शिफ्ट_तिसरी : त्याचा वेगळा धागा काढा बाळा, इथं हरवेल.

वाफवाला_इचल : लाइन बदलायला बॉयलर इन्स्पेक्टरची परवानगी लागेल का?

शिफ्ट_तिसरी : साडेतीन किलोच्या वर, किंवा 254 मिमीपेक्षा मोठा पाइप आणि एक किलोच्या वर असेल तर ती आयबीआरची (बॉयलर नियमांतली) स्टीम पाइप. तुमची पीआरव्हीनंतरची अडीचवर आहे, त्यात येत नाही. पण पीआरव्हीच्या आधी, हेडरवर (वाफ वाटून देणारा मोठा पाइप) जो व्हॉल्व्ह किंवा फिटिंग बसवाल त्याचं फॉर्म तीन-सी सर्टिफिकेट घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

वाफवाला_इचल : आत्ता वाफ बंद करून प्रेशर शून्यावर आल्यावर शेवटच्या सिलेंडरचं युनियन (पाइपाचा जोड) सैल केलं. गरम पाणी थांबेचना, दोन बादल्या भरल्या. कपड्याच्या डाव्या काठाला जो ओला पट्टा यायचा तो याच बाजूचा! आज दोन ट्रॅप मिळतायत, शेवटच्या दोघांना लावतो, बाकी दिवाळीच्या आधी. ती रिलीजची सुई किती उघडायची?

चिमणीखाली : आधी पाव फेरा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक ट्रॅपवर टेकवून मूठ कानाला लावा, सतत सूं ऐकू आलं तर जास्त उघडलीय. दोन्ही ट्रॅप लावल्यावर कपडा कसा निघतो ते लिहा.